एकुलता लेमूर आणि रांजणाखालचं शेवाळ

एका राज्यात शूरकेतू नावाचा राजा होता. त्याची हौस मोठी अजब! लेमूरांच्या पट्टेरी शेपट्यांच्या चवऱ्या करवायच्या आणि दरबारात ढाळायच्या. त्यापायी रानातला शेवटचा लेमूर मारला गेला, तेव्हा तिथल्या जादूगाराने मंत्र टाकला आणि राजकन्या इरावतीचाच लेमूर झाला. साऱ्या राज्यात आता तेवढाच एक.

जादूगाराचा राघू सोन्याचा तराजू चोचीत धरून आला. राणी पद्मलेखेला म्हणाला, "राणीसाहेब, हिच्या तोलाचं जे असेल ते दुसऱ्या पारड्यात ठेवा. तीनदा तोला. सूर्य मावळला की मुलगी कायमची रानाची."

राजवाड्याच्या पायऱ्यांवर तराजू मांडला. तोलण्याच्या समारंभात कुणाचा पाय घसरू नये म्हणून राजाने पायऱ्या, भिंती, हौद, सगळं खरवडून घेतलं. शेवाळाचा मागमूस ठेवला नाही.

पहिल्यांदा राणीने हिरेमाणकं ठेवली. पारडं हललं नाही. दुसऱ्यांदा राजाने मुकुट उतरवून ठेवला. पारडं ढिम्म. पारड्यात बसवलेला लेमूर वाकून खरवडलेली पायरी चाटत होता आणि पायरी तर कोरडी ठणठणीत! चांदीच्या वाटीतल्या पाण्याला त्याने तोंडही लावलं नव्हतं. राणी राघूकडे वळली.

"राघू, काय शोधतोय हा?"

"शेवाळात साठलेलं पाणी. रानात लेमूर तेच पितात."

"मग शेवाळच तोलायचं," राणी म्हणाली.

राजा हसला. "अशा एकुलत्या जिवापुढे ते कुठेही उगवणारं शेवाळ?"

"कुठेही? मग चिमूटभर आणून दाखवा, महाराज."

राजाचा चेहरा खर्रकन उतरला. शिपाई धावले, हात हलवत परत आले. मावळतीचं ऊन कळसावर चढलं. शेवटी राणी स्वतःच पाणीघरात शिरली. तिथे रांजण पाझरत होता आणि त्याच्या बुडाशी हिरवंगार शेवाळ माजलं होतं. बिचाऱ्याला कुणीच विचारलं नव्हतं. राणीने ते ओंजळीत उचललं आणि ती अनवाणी पळत सुटली.

शेवाळ पारड्यात पडलं आणि काटा मधोमध थांबला. त्यासरशी सेवकांच्या हातांतल्या चवऱ्यांचे लेमूर झाले आणि उड्या मारत रानाकडे पळाले. पारड्यात इरावती बसली होती.

"आई, पाणी दे गं."

राणीचा जीव भांड्यात पडला. लेकीला कवटाळून ती हसतही होती, रडतही होती. पाणी आणायला राजा स्वतः उठला. पाणीघर कुठे आहे, हे मात्र त्याला विचारावं लागलं.