अप्पांच्या दारातली ठेच

"थांबायचं कधी, ते कशावरून कळतं, अप्पा?"

वैजनाथने हे तिसऱ्यांदा विचारलं. अप्पा पायरीवर बसून पान लावत होते. चुना लावला, पान दुमडलं, तोंडात घातलं.



गुरलिंगअप्पा खचलेले कोबे उचलायचे. उदगीरकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि वरचं काँक्रीट एका अंगाला बसतं. अप्पा ते फोडत नसत. बोटाएवढं भोक पाडायचे, त्यात गनची, म्हणजे पिचकारीसारख्या यंत्राची, नळी घालायचे आणि खटका दाबून औषध सोडायचे. दोन औषधं खाली एकत्र आली की त्यांचा फेस होतो. तो माती आवळून धरतो आणि कोब्याला वर ढकलतो. थोड्या वेळात दगडासारखा घट्ट होतो.

अडचण एकच. खटक्यावरचा हात सोडला तरी फेस अजून थोडा फुगतो. किती, ते खालची माती ठरवते. आणि वर गेलेला कोबा परत खाली येत नाही.

वैजनाथ डिप्लोमा झालेला. तीन वर्षं अप्पांच्या हाताखाली होता. भोकं पाडायचा, लेझर लावून, कोबा सपाटीला यायला किती मिलिमीटर उरले ते आकडे सांगायचा. गन त्याच्या हातात अजून आली नव्हती. सोमवारी अंध मुलांच्या शाळेत काम होतं. त्या दिवशी तरी ती त्याला हवी होती.

"लेझर एका मिलिमीटरनंही चुकत नाही," तो म्हणाला. "मी त्याच्याकडं बघून थांबतो. अजून काय लागतं?"

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून बाजाराला निघून गेले.

अप्पांच्या अंगणात कोब्याचा एक पट्टा शेजारच्यापेक्षा अर्धं बोट उंच होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच लागायची. गल्लीत चेष्टा चालायची, की अप्पा सगळ्या तालुक्याचे कोबे सरळ करतात, आपला मात्र पाहुणे टिकू नयेत म्हणून तसा ठेवलाय. वैजनाथला त्या चेष्टेची लाज वाटायची.

गाडीत ग्राइंडर होता. त्याने तासाभरात ती कड घासून सपाट केली. धूळ झाडली. वाट बघत बसला.

अप्पा आले. त्या जागेशी त्यांनी सवयीने पाय उंच उचलला. पाय ठेवायला तिथं काही नव्हतं. ते झोकांडले. पिशवीतले कांदे अंगणभर झाले.

वैजनाथला हसू येत होतं. अप्पांचं तोंड बघून ते गेलं.

अप्पा खाली बसले. घासलेल्या जागेवरून तळवा फिरवला...

"माझा पहिला कोबा होता," ते म्हणाले. "लेझर शून्यावर आलं, तेव्हा हात सोडला होता मी."

"मग इतकी वर्षं घासला का नाही?"

अप्पा कांदे गोळा करू लागले. वैजनाथही वाकला. शेवटचा कांदा पिशवीत टाकून अप्पा म्हणाले,

"सोमवारी गन तू धर."

सोमवारी शाळेला सुट्टीच होती. मुलं गावी गेली होती, पंधरा दिवसांनी येणार होती. जेवणघराचा कोबा दोन ठिकाणी खचला होता. मागच्या वर्षी एक मुलगी ताट घेऊन तिथंच पडली आणि तिचे दोन दात गेले. हे भानुदास गुरुजींनी सांगितलं. गुरुजी मुलांना पेटी शिकवायचे, सुट्टीतही तिथंच राहायचे. जन्मापासून आंधळे.

वैजनाथने नळी भोकात बसवली. डोळे लेझरवर. दहा. सात. चार. दोन.

शून्य. त्याने हात सोडला.

कोबा थांबला नाही. कुरकुरत अजून वर आला... मग थांबला.

चार मिलिमीटर जास्त. बघणाऱ्याला दिसलंही नसतं.

गुरुजी अनवाणी चालत आले. अंगठा कडेला आपटला. ते तसेच उभे राहिले, पायानं कड चाचपली.

"कालपर्यंत इथं उतरत होतो," ते म्हणाले. "आज चढायला लावलंत. मुलांना काय सांगू, दर सुट्टीत भूगोल बदलतो म्हणून?"

वैजनाथचे कान तापले. घासून देतो, पाच मिनिटांचं काम आहे, असं म्हणत तो ग्राइंडर आणायला वळला.

"ते नंतर," अप्पा म्हणाले. "चपला काढ."

त्याने काढल्या.

"डोळे मीट. भिंतीपर्यंत जा आणि ये. भूक लागलेलं पोर जातं तसं, झपाझप."

पहिल्या खेपेला तो अडखळला. दुसऱ्या खेपेला त्याने पावलं मोजली आणि बरोबर जागी पाय उचलला. अप्पांनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून गरकन फिरवलं आणि परत सोडलं. या खेपेला नख उलटलं. कोब्यावर रक्ताचे ठिपके पडले.

"हा सूर लागला," गुरुजी कोपऱ्यातल्या पेटीपाशी बसून म्हणाले.

वैजनाथने डोळे उघडले. कडेवरचं रक्त बोटानं पुसलं. मग गन उचलून अप्पांपुढे धरली.

"दुसरा पट्टा तुम्ही करा, अप्पा."

अप्पांनी ती घेतली नाही. लेझरपाशी जाऊन मांडी घालून बसले.

"आकडे मी सांगतो," ते म्हणाले.

वैजनाथने अंगठ्याला फडकं गुंडाळलं. अनवाणीच, एक पाय पट्ट्यावर ठेवून, नळी बसवली.

"दहा," अप्पा म्हणाले. "आठ... सात... सहा..."

वैजनाथने हात सोडला.

"शून्य नाही झालं अजून. का थांबलास?"

"अंगठा ठणकला."

 खाली कोबा कुरकुरला... सरकला... गप्प झाला.

गुरुजी उठले. त्या पट्ट्यावरून न अडखळता भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. पेटीपाशी बसले, भाता हलवून एक सूर धरला.

अप्पांनी आकड्याकडे पाहिलं नाही. लेझर बंद केलं.

"आता ग्राइंडर आण," ते म्हणाले.