परक्या शहरातला कान

एकदा एक वृद्ध कारागीर आपल्या शिष्यासह एका मोठ्या, अपरिचित शहरात आला. कारागीर तंबोरे घडवीत असे, आणि त्या दिवशी शिष्याच्या खांद्यावर, निळ्या गवसणीत, शिष्याने प्रथमच एकट्याने घडवलेला तंबोरा होता. तो एका नामवंत गायकाला दाखवायचा होता. गायकाने ठेवून घेतला, की शिष्याने स्वतःच्या नावाने वाद्ये करावीत, असे गुरूंनी ठरवले होते. साहजिकच गाव सोडल्यापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

शहराच्या गल्ल्यांना त्याचे काय? वाट चुकून दोघे कुंभारवाड्यात शिरले. एका अरुंद वळणावर तंबोऱ्याचा भोपळा भिंतीवर हलकेच आदळला. आवाज फार झाला नाही. पण ओट्यावर बसलेला एक दांडगा कुंभार ताडकन उठला आणि वाट अडवून उभा राहिला. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, डोळे धुराने तांबारलेले.

"काय हाय त्यात? दावा जरा."

शिष्याने गवसणी छातीशी घट्ट धरली. परक्या शहरात वाट अडवणाऱ्यांचे हेतू काय असतात, याच्या कहाण्या त्याने गावात पुष्कळ ऐकल्या होत्या. गुरूंनी मात्र तंबोरा शांतपणे त्याच्याकडून घेतला, गवसणी उतरवली आणि वाद्य त्या मातीच्या हातांत दिले. हे काय चालले आहे, शिष्याला उमगेना.

कुंभाराने आधी हात धोतराला पुसले. मग बोटाच्या पेराने भोपळ्यावर तीन ठिकाणी ठोकून त्याने कान लावला.

"वला हाय ह्यो आतनं," तो म्हणाला. "वरनं सुकलाय, पर पोटात वल हाय. असलं मडकं आव्यात भाजाय लावलं की तडकतं."

"तुम्ही आपली मडकी बघा," शिष्य फणकारला. "तंबोऱ्यातलं तुम्हाला काय कळतं?"

"तंबोऱ्यातलं कायबी न्हाई कळत," कुंभार म्हणाला. त्याला राग आलेला दिसला नाही. त्याने वाद्य परत केले, गुरूंनी विचारल्यावर गायकाच्या घराची वाट सांगितली आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसला.

दोघे बरेच अंतर चालून गेले. शेवटी शिष्यच थांबला. भोपळा दोन उन्हाळे वाळू द्यायचा, ही त्यांच्याकडची रीत. माळ्यावर दोन्ही वर्षांचे भोपळे वेगवेगळे टांगलेले असत. पण एकच उन्हाळा पाहिलेल्या एका भोपळ्याची गोलाई इतकी देखणी होती, की शिष्याला मोह आवरला नाही. त्याने तोच काढून घेतला होता आणि कोणाला सांगितले नव्हते. आता त्याने ते सांगितले.

"तुम्हाला ठाऊक होतं ना, गुरुजी? म्हणूनच त्याच्या हातात दिलात?"

"नाही रे. मला ऐकू आलं नाही, याचंच वाईट वाटतंय," गुरू म्हणाले. "तू तार छेडलीस, की मला तुझी सहा वर्षांची मेहनत ऐकू येते. तुला तुझी उमेद ऐकू येते. गावच्या लोकांनी तुला अंगाखांद्यावर खेळवलं, त्यांना तर सगळंच गोड लागतं. हा माणूस ना तुला ओळखतो, ना मला. एवढ्याशा आवाजावर तो जागचा उठला, तेव्हाच माझ्या मनात आलं, याला निव्वळ भोपळा ऐकू आला असावा. असा कान ओळखीच्या ठिकाणी मिळत नाही. म्हणून दिला."

"मग आता काय करायचं?"

"तंबोरा तुझा आहे. तू ठरव."

गायकाने तंबोरा जुळवला, डोळे मिटून बराच वेळ छेडला आणि प्रसन्नपणे म्हणाला, "सुरेल आहे. ठेवून जा."

सहा वर्षे याच शब्दांची वाट पाहिली होती. तरी शिष्याने पुढे होऊन तंबोरा परत हाती घेतला.

"बुवा, हा देता येणार नाही. भोपळा एक उन्हाळा कच्चा आहे. पुढे तो आकसेल आणि त्याच्यावर बसवलेली लाकडी तबली भर मैफलीत सुटेल. मी ती उतरवून भोपळा पुन्हा उन्हात ठेवतो."

"मला तर काही ऐकू आलं नाही."

"आम्हालाही आलं नव्हतं. वाटेत एका कुंभाराला आलं."

गायकाने वृद्धाकडे पाहिले. वृद्धाचे डोळे भरून आले होते.

"उन्हाळा सरला की घेऊन ये," गायक शिष्याला म्हणाला. "मी थांबेन. आणि येताना त्याच्यावर तुझं नाव घालून आण."

बाहेर पडताना गुरूंनी तंबोरा आपल्या खांद्यावर घेतला. शिष्याने दोनदा मागितला, पण त्या दिवशी त्यांनी तो त्याला उचलू दिला नाही.