पाटलीच्या आतले ठोके

ही पाटली हातात घ्या. बाहेरून बघा आधी, सगळे बाहेरूनच बघतात. ही झगझगीत ओप दिलेली, हिच्यात तुमचा चेहरा दिसेल. ती शेजारची मंद, तिला तुम्ही शहरात मॅट म्हणता. आम्ही बारीक वाळूनं घासून तशी करतो. ही तास मारलेली, म्हणजे बारीक पैलू पाडलेली, हलवली की चमकते. आणि ही लालसर, हिला गेरूचा हात दिलाय. आता चारही पाटल्यांच्या आतून बोट फिरवा. खरखरीत लागतं ना? हातोडीचे ठोके आहेत ते. धामणटेंबच्या सोनारआळीत पाटलीला आतून ओप देत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, काम अर्धवट राहिलं. तसं नाही. त्याचं असं सांगतात.

वर तो सुळकागड दिसतो, तिथं फार पूर्वी एक गडकरी होता. त्यानं सुनेसाठी पाटल्या घडवायला आमच्या आळीतल्या मंगशेटला गडावर बोलावलं. सोनं गडाचं, म्हणून काम गडावरच व्हायचं होतं. एक खोली दिली, शेगडी दिली, ऐरण दिली, आणि बाहेरून कडी घातली. पंधरा दिवसांचं काम होतं म्हणे.

पहिला जोड ओपाचा झाला. गडकऱ्यानं त्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि तो खूश झाला. इतका, की त्याच्या मनात आलं, असा हात दुसऱ्या कुणाच्या दागिन्याला लागताच कामा नये. तो म्हणाला, "मंगशेट, अजून एक जोड करा, मग जा."

दुसरा जोड झाला, तरी कडी निघाली नाही. खिडकी छताशी होती, हातभर रुंद. तिच्यातून आभाळाचा एक तुकडा दिसे, त्यात कधी घार येई, कधी काहीच नसे. दिवसातून दोनदा कडी वाजे, ताट आत सरके, पुन्हा कडी वाजे. मंगशेटनं आधी दिवस मोजले, मग महिने. मग मोजणं सोडलं. कडी वाजली की त्याचा हातोडीचा हात आपोआप थांबायचा, असं सांगतात.

खाली गावात गडकऱ्यानं आवई उठवली होती की मंगशेट सोनं घेऊन पळाला. त्याची बायको येसू रातोरात चोराची बायको झाली. आळीतलं काम तिला मिळेना. जत्रेआधी देवीची समई, घंटा रिठ्याच्या पाण्यानं घासून द्यायची, त्यावर तिची चूल पेटे.

तीन वर्षं गेली. चौथा जोड गेरूचा होता. मंगशेटच्या डाव्या हाताचं एक बोट लहानपणी भाजून आखडलं होतं. त्यामुळे पाटली धरताना कलायची आणि त्याचा प्रत्येक ठोका किंचित तिरका पडायचा. घरी ते ठोके येसू घासून काढायची. "तुमचं वाकडं मी सरळ करते," असं म्हणून हसायची. त्या चौथ्या जोडाला मंगशेटनं आतून हातच लावला नाही. ठोके तसेच ठेवले.

पाडव्याला सून, म्हाळसाबाई, माप बघायला आली. दारात पहारेकरी उभा होता.

"मंगशेट, आतून टोचतंय."

"आतला ओप आमच्याकडे घरची मंडळी देते, बाईसाहेब," तो मान खाली घालून म्हणाला. "तो माझा हात नव्हे."

लग्न होऊन आल्यापासून म्हाळसाबाईलाही माहेर दिसलं नव्हतं. गडाखाली पाऊल पडायचं ते वर्षातून एकदा, जत्रेला, देवीच्या पालखीमागून. ही पाटली त्याच्या बायकोच्या हातात पडायला हवी, हे तिला कळलं.

चैत्री पुनवेला पालखी गडावरून उतरली. देवळापुढे भर माणसांत म्हाळसाबाईनं येसूला हाक मारली, पाटली काढून तिच्या हातात दिली. "टोचते गं. घासून दे."

येसूनं बोट आत घालून ठोक्यांवरून फिरवलं, सगळे तिरके. "ही मी घासणार नाही. हा माझ्या घरधन्याचा ठोका आहे."

गडकरी पुढे झाला. "जुनी पाटली आहे ती. तो पळाला त्याआधीची."

"नाही, मामंजी," म्हाळसाबाई म्हणाली. "या पाडव्याला केलीय. माप बघायला मीच गेले होते. त्याला वर कोंडलंय."

भोयांनी पालखी खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवली. मंगशेट खाली आल्याशिवाय देवी उचलणार नाही, म्हणाले. देवी भुईवर ठेवून गडावर परतायची गडकऱ्याची छाती झाली नाही.

माणसं येसूला घेऊन गडावर गेली, कडी काढली. दार सताड उघडलं. मंगशेट मात्र ऐरणीपाशी बसून राहिला. माणसांनी हाका मारल्या, तो दाराकडे बघत होता, उठत नव्हता. शेवटी येसू आत गेली. तिनं त्याचं ते आखडलेलं बोट धरलं.

"अहो, चला."

"ताट यायचंय अजून," तो म्हणाला.

तिनं त्याला बोट धरून खाली आणलं. पुढे तो बरा झाला, कामाला लागला, पण आतून ओप देऊ देईना. घडवणाऱ्याचा हात कुठंतरी राहायला हवा, म्हणायचा. आळीनं ते पाळलं.

म्हाळसाबाई त्या संध्याकाळी पालखीमागून गडावर गेली. पुढल्या जत्रेला ती उतरली नाही. त्याच्या पुढल्याही नाही. येसू दर वर्षी गडाच्या दाराशी जाऊन हाक मारायची, दार कुणी उघडायचं नाही.

आता गड ओस आहे. दाराच्या फळ्या कधीच गेल्या, शेळ्या आतबाहेर करतात. तरी आजही चैत्री पुनवेला आमच्या आळीतल्या बायका एवढा चढ चढून जातात. उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या राहून हाक मारतात, "म्हाळसाबाई, खाली चला." जरा थांबतात. मग उतरू लागतात, आणि वाटेवर एका माणसापुरती जागा मोकळी ठेवून चालतात.