शंख घेऊन निघाली आत्या

"ऐकलंस का गं?" एक टिटवी म्हणाली.

"काय गं?" दुसरी म्हणाली.

"घाटापलीकडे म्हणे शंख चालत नाही. शंख दाखवला की म्हणे..."

फस्सऽऽ! लाट आली. टिटव्या भुर्रकन उडाल्या. पुढचं राहूनच गेलं.

वाळूत एक बीळ होतं. बिळात एक कुरली होती. कुरली म्हणजे छोटी खेकडीण. एवढीशी. चिंचोक्याएवढी. तिने सगळं ऐकलं. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये, हे तिलाही ठाऊक होतं. पण आपल्या दारातच कुणी बोलत बसलं, तर काय कान काढून ठेवायचे?

कुरली घाबरली. तिला आजच घाटापलीकडे जायचं होतं.

घाटापलीकडे एक नदी. नदीत कुरलीचा दादा. दादाच्या घरी बाळ. आणि बाळाचं आज बारसं! बारशाला कोण लागतं? आत्या लागते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. आत्या नाही, तर नाव नाही. एवढीशी असली म्हणून काय झालं? कुरली आत्याच होती.

तिच्याजवळ एक शंख होता. बाहेरून पांढरा, आतून गुलाबी. समुद्रकाठी सगळे शंखच द्यायचे, शंखच घ्यायचे. शंख द्या, शेवाळ घ्या. शंख द्या, गाडीत बसा.

खुळखुळ खुळखुळ. गाडी आली. करवंटीची गाडी. गाडीला दोन सरडे. गाडीवान बेडूकदादा.

कुरली टुणकन गाडीत चढली. तिने शंख पुढे केला.

"डराव! हे काय?"

"भाडं."

"शंख? अहो आत्याबाई, माझ्या भाड्याचं राहू द्या, पण वर खिंडीत नाका आहे. नाक्यापलीकडे दुसरा मुलूख. तिथे शंख घेत नाहीत. तिथे ज्वारीचा दाणा लागतो. दाणा आहे?"

"नाही."

"मग उतरा."

झालं! कुरलीची जागा गेली.

बेडूकदादाला वाईट वाटलं. तो म्हणाला, "माझे सरडे आता डुलकी काढतील. ते उठेपर्यंत थांबतो. पळा!"

कुरलीने शंख पाठीवर घेतला. निघाली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक.

झुडपात मुनिया बसली होती. मुनिया रोज घाटापलीकडे उडायची. तिच्या घरट्यात ज्वारीचे दाणे होते.

"मुनियाताई, मुनियाताई, दाणा दे. 
गाडी नेईना, 
आत्या पोचेना, 
बाळाला नाव मिळेना! 
दाण्याबद्दल शंख घे."

"शंख? शंखावर अंडी ठेवली तर गडगडतील ना! माझी अंडी गार पडलीत. मऊ मऊ कापूस आण. मग दाणा देते."

कुरली निघाली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक.

टेकडीवर सावरीचं झाड होतं. उंच उंच. अंगभर काटे. फांदीफांदीला बोंडं. बोंडांत कापूस. पण बोंडं मिटलेली.

"सावरबाई, सावरबाई, कापूस दे. 
मुनिया दाणा देईना, 
गाडी नेईना, 
आत्या पोचेना, 
बाळाला नाव मिळेना! 
कापसाबद्दल शंख घे."

"शंख? तो मी कुठे लटकवू? माझी बोंडं झोपलीत गं. ऊन आलं की फुटतील. ऊन आण. मग कापूस देते."

कुरली निघाली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक.

ती काळ्या खडकावर चढली. वर पाहिलं. सूर्य होता, पण फिका फिका. दुधात पडलेल्या बताशासारखा.

"सूर्यदादा, सूर्यदादा, ऊन दे. 
सावर कापूस देईना, 
मुनिया दाणा देईना, 
गाडी नेईना, 
आत्या पोचेना, 
बाळाला नाव मिळेना! 
उन्हाबद्दल शंख घे."

"शंख? मी हात लावला की तापेल तो! माझ्यावर धुकं पांघरलंय. मला काही दिसत नाही. तू तरी कुठे आहेस?"

"इथे! खाली!"

"असशील, असशील. धुकं सरकव. मग ऊन देतो."

कुरली निघाली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक.

धुकं खाडीवर पाय पसरून बसलं होतं. पांढरं पांढरं. गप्प गप्प. होड्या त्यात हरवल्या होत्या. माड त्यात हरवले होते. कुरलीला आपले पायही दिसेनात. ती हळूच म्हणाली,

"धुकेमावशी, धुकेमावशी, सरक ना. 
सूर्य ऊन देईना, 
सावर कापूस देईना, 
मुनिया दाणा देईना, 
गाडी नेईना, 
आत्या पोचेना, 
बाळाला नाव मिळेना! 
सरकण्याबद्दल शंख घे."

"शंख?" धुकं पुटपुटलं. "माझ्या हातात काही राहत नाही, बाळे. मी दमलेय. माझं मला उठवत नाही. वाऱ्याने हात दिला तर उठेन. वाऱ्याला आण."

कुरली निघाली. तिरकी तिरकी. टिक... टिक... टिक. पाय दुखले. तरी निघाली.

सुरूच्या बनात वारा झोपला होता. एक पान हलत नव्हतं. सगळं कसं शांत शांत.

"वारेबुवा, वारेबुवा, उठा ना. 
धुकं सरकेना, 
सूर्य ऊन देईना, 
सावर कापूस देईना, 
मुनिया दाणा देईना, 
गाडी नेईना, 
आत्या पोचेना, 
बाळाला नाव मिळेना! 
उठण्याबद्दल शंख घ्या."

वाऱ्याने एक डोळा उघडला. "नाव? कसलं नाव?"

"बारसं आहे. माझ्या भाच्याचं."

"बारसं!" वाऱ्याने सुस्कारा टाकला. सुरूची पानं जराशी हलली. "आम्हाला कुणी बारशाला बोलवत नाही. म्हणतात, वारा आला की दिवा विझतो. वारा आला की बाळाचं टोपडं उडतं. दार लावून घेतात तोंडावर. मी नाही उठणार."

वारा कूस बदलून झोपला.

कुरली तिथेच बसली. शंख पाठीवरून खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. दूरवर एक सरडा जांभई देत होता. आऽऽ.

कुरलीने शंखाकडे पाहिलं. शंखात कितीतरी जागा. गोल गोल, आत आत. कुरलीने डोळे पुसले.

"वारेबुवा, मी बोलावते तुम्हाला. याल?"

"मी? आणि दिवा?"

"या शंखात बसून या. दिवा विझणार नाही. टोपडं उडणार नाही. बाळाला मात्र भेटाल."

वारा उठून बसला. "खरंच? आत्याचं बोलावणं?"

"आत्याचं बोलावणं."

सूंऽऽऽ! वारा उठला! 
वाऱ्याने हात दिला, धुकं सरकलं. 
धुकं सरकलं, ऊन पडलं. 
ऊन पडलं, बोंड फुटलं. फट्! फट्! 
कापूस उडाला. पांढरा पांढरा, तरंगत तरंगत. 
कापूस मुनियेने झेलला, अंडी उबदार झाली. 
मुनियेने दाणा दिला. गोल गोल, मोत्यासारखा.

"वारेबुवा, चला!"

वारा लहान झाला. अजून लहान झाला. शंखात शिरला. घुंऽऽ.

कुरली धावली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक टिकटिक! एका नांगीत दाणा. पाठीवर शंख.

सरडे उठले होते. गाडी निघाली होती.

"थांबा! दाणा आणला!"

"डराव! या आत्याबाई, या! तुमचीच वाट बघत होतो, म्हणून तर हळू हाकत होतो."

खुळखुळ खुळखुळ. गाडी घाट चढली. खाली समुद्र निळा निळा. मग एक वळण. समुद्र एवढासा. मग आणखी एक वळण. समुद्र दिसेना. कुरलीने शंख जवळ घेतला. घुंऽऽ, शंख म्हणाला.

खिंडीत नाका होता. रस्त्यावर आडवी काडी. काडीजवळ मुंगळा.

"नाणं?"

कुरलीने आधी शंखच दाखवला. बघावं तरी!

मुंगळ्याने मान हलवली. "हे इथे चालत नाही."

मग तिने दाणा दिला. मुंगळ्याने तो उचलला, हुंगला, बिळात नेला. काडी वर केली.

खुळखुळ खुळखुळ. गाडी उतरली. आली नदी!

नदीकाठी सगळे जमले होते. भुईमुगाच्या टरफलाचा पाळणा. पाळण्यात बाळ. बाळ रडत होतं. टँहँ टँहँ!

"आल्या बाई एकदाच्या!" वहिनी म्हणाली. "पाळणा सजवून सकाळपासून बसलोय आम्ही."

"काय आणलंस गं?" दादाने विचारलं.

कुरलीने शंख काढला.

तिथे दोन टिटव्याही आल्या होत्या. बारसं म्हटलं की त्या हजर. एक टिटवी ओरडली, "अगं बाई, शंख! मी म्हटलं नव्हतं? इथे शंख चालत नाही! शंख दाखवला की म्हणे हाकलून देतात!"

कुणी कुणाला हाकललं नाही. बाळ तेवढं रडत होतं. टँहँ टँहँ!

कुरलीने शंख बाळाच्या कानाला लावला.

घुंऽऽऽ.

वारा गायला. आतल्या आत, हळू हळू. दिवा हलला नाही. टोपडं उडालं नाही. बाळ गप्प झालं. त्याने डोळे मोठे केले. त्याने कधी समुद्र पाहिला नव्हता. आता त्याला तो ऐकू आला.

मग कुरली कानाशी वाकली. 
"कुर्रर्र! लाटू!"

बाळाला नाव मिळालं!

नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. इथेही घातले. टक्! टक्! टक्!

"अगं आई गं," वहिनी हात चोळत म्हणाली, "कसली ही टणक आत्या!"

आणि शंख? तो कुरलीने पाळण्यालाच बांधला. टिटवीने मान वाकडी करून पाहिलं.

"पण नाक्यावर नाहीच ना चालला?"

"नाही चालला," कुरली म्हणाली. "दाणाच लागला."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" टिटवी म्हणाली. मग जरा जवळ सरकली. "मला लाव ना गं कानाला. एकदाच."

घुंऽऽऽ.

टिटवी झोपली. बेडूकदादा झोपला. सरडे झोपले. लाटू झोपला.

तुमच्या हाताची ओंजळ करा. कानाला लावा. 
घुंऽऽऽ. 
आला बघा वारा. आता डोळे मिटा.