चौथी कामटी

एकदा एका तरुणीने एका वृद्धाकडे बांबूकाम शिकायला सुरुवात केली. तिला टोपल्या विकायच्या नव्हत्या. दर रविवारी गावातल्या लहानशा चर्चमागे, चिंचेच्या सावलीत ती शब्बाथशाळेची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाची, मुले जमवत असे आणि त्यांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगत असे. तिचे नाव सलोमी. नुसते बोलायचे म्हटले की तिची जीभ अडखळे. पण हातात काही घडत असले की शब्द आपोआप येत. म्हणून तिने नोहाचे तारू करवंटीचे केले होते आणि येशूची गव्हाण कडब्याची. बांबूच्या कामट्यांचा तारा कसा बांधावा, हे तिला त्या वृद्धाने शिकवले. सारा गाव त्याला बाबा म्हणे.

एका रविवारी सलोमीने मुलांना त्रैक्याचा, म्हणजे तिघांत एकच देव असल्याचा, धडा दिला. तीन रंगांच्या कागदी पाकळ्या एका देठाला चिकटवायच्या. एक पाकळी पिता, एक पुत्र, एक पवित्र आत्मा. आणि फूल मात्र एकच. मुलांनी खळ हातभर माखून घेतली आणि फुले केली. सलोमीला वाटले, धडा छान झाला.

तेवढ्यात रिबका उभी राहिली. सात वर्षांची ही मुलगी. तिची आई पावसाळ्यात वारली होती.

"ताई, आई कोणाकडे गेली?"

"देवाकडे, बाळा."

"ते माहीत आहे. पण या तिघांतल्या कोणाकडे?"

सलोमी हातातल्या फुलाच्या पाकळ्या चाळू लागली. तिच्या मदतीला शिमोन धावला. कोणत्याही प्रश्नाला उत्तर असलेच पाहिजे, असे मानणारा हा मुलगा. तो म्हणाला, "पाळीपाळीने राहत असेल. माझी आजी नाही का, चार महिने आमच्याकडे, चार महिने काकाकडे!"

सगळी हसली. रिबका हसली नाही. तिने आपले फूल उलटे करून पाहिले, सरळ करून पाहिले आणि बाकाखाली ठेवून दिले.

पुढच्या रविवारी ती आली, पण प्रार्थनेच्या वेळी तिचे डोळे उघडेच होते. शाळा सुटल्यावर तिचे वडील सलोमीला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, पोरगी रोज झोपताना 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायची आणि शेवटी आईला निरोप द्यायची. माझा दात हलतोय सांग, पप्पा भाजीत मीठ जास्त टाकतात सांग. आता आठ दिवस झाले, म्हणतच नाही. विचारलं तर म्हणते, आई दुसऱ्याकडे असली तर निरोप चुकीच्या ठिकाणी जाईल."

सलोमीला त्या रात्री जेवण गेले नाही. लेकराच्या हातात आईपर्यंतची एकच दोरी होती, ती आपल्या कागदी फुलामुळे सुटली, असे तिला वाटले.

सकाळी ती बाबांकडे गेली आणि म्हणाली, "बाबा, मी शाळा सोडते. मला शिकवता येत नाही."

बाबा अंगणात कामटी सोलत होते. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "येत्या रविवारी उपकारस्तुती आहे ना? पेरू कोण काढणार?"

चर्चच्या आवारात पेरूची जुनी झाडे होती. वर्षातून एकदा, उपकारस्तुतीच्या म्हणजे देवाचे आभार मानायच्या दिवशी, त्यांची फळे वेदीपुढे ठेवत. खाली पडलेले, डाग लागलेले फळ चालत नसे. आणि फांद्या इतक्या ठिसूळ, की मुलांना वर चढू देत नसत.

"शनिवारी पोरांना घेऊन ये," बाबा म्हणाले. "आपण फळ झेलायचा बांबू करू. शाळा सोडायची तर रविवारनंतर सोड."

शनिवारी दुपारी मुले आली. रिबकाही आली, पण ती सर्वांच्या मागे, झाडाच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. बाबांनी एक लांब बांबू सलोमीपुढे ठेवला.

"याचं वरचं टोक चीर. गाठीपर्यंत चीर, गाठीखाली जाऊ नको. मग कामट्या फाकवून त्यांच्यामध्ये ठोकळा बसव आणि बांबूच्या पातळ पट्टीने वीण घाल. द्रोणासारखं तोंड तयार होईल."

"किती कामट्या करू?"

"तुला कळेल."

सलोमीने बांबू मधोमध चिरला, मग प्रत्येक अर्धा पुन्हा मधोमध चिरला. चार सारख्या कामट्या झाल्या. तिला ते आवडलेही. मुलांना ती म्हणाली, "बघा, पिता, पुत्र, पवित्र आत्मा, आणि ही चौथी आपली." चौथी कामटी तिने काचेच्या तुकड्याने घासून सर्वांत गुळगुळीत केली.

मग वीण सुरू झाली. पट्टी एका कामटीच्या बाहेरून, दुसरीच्या आतून, तिसरीच्या बाहेरून, चौथीच्या आतून. मुलांनी आळीपाळीने फेरे घातले. पण प्रत्येक फेरा आधीच्याच वाटेने जाई. जी कामटी बाहेरून धरली, ती दरवेळी बाहेरूनच. वीण कुठे अडकेना. शिमोनने बोटाने जरा ढकलली, तर सगळे फेरे सुटून त्याच्या मनगटात येऊन पडले.

"ताई, तुम्ही बांगड्या केल्या!" शिमोन म्हणाला.

बाबा उठले. त्यांनी ती चौथी, गुळगुळीत कामटी हातात धरली आणि मुळापासून कडकन मोडली.

सलोमीचे डोळे भरून आले. "बाबा, ती आपली होती."

"असू दे. आता विणा."

त्यांनी अंगठ्याने उरलेल्या तिन्ही कामट्या सारख्या अंतरावर सरकवल्या. पट्टी पुन्हा फिरू लागली. बाहेरून, आतून, बाहेरून. पुढच्या फेऱ्याला आतून, बाहेरून, आतून. आधीच्या फेऱ्यात जी बाहेर राहिली, तिला पुढचा फेरा आत घेई. चार फेऱ्यांत वीण अशी घट्ट झाली, की शिमोनने दोन्ही हातांनी ओढूनही ती हलली नाही.

"दोनच ठेवल्या असत्या तर?" शिमोनने विचारले.

"चारांचं झालं तेच. दोनांतही पट्टी जुन्याच वाटेने फिरते. आणि एकीभोवती तर नुसतं गुंडाळता येतं, विणता येत नाही." बाबांनी पट्टीचे टोक आत खोचले. "सलोमी, बांबू म्हणजे देव नव्हे, हे आधी पोरांना सांग. माझ्या हातांना जेवढं कळलं, तेवढंच मी बोलतो. ज्यांत वीण धरते, अशी सर्वांत लहान संख्या तीन आहे. देव एकटाच असता, तर त्याने प्रेम कोणावर केलं असतं? तो आधीपासूनच प्रेम आहे, म्हणून त्याच्यात देणं आहे, घेणं आहे, आणि फेरा कधी थांबत नाही. आणि गाठीखाली बघ. बांबू किती आहेत?"

"एकच," मुले ओरडली.

"यातला येशू कोणता?" शिमोनने लगेच विचारले.

बाबांनी दोन कामट्या वरून बोटभर छाटल्या आणि तिसरी तशीच उंच राखली. तिच्या टोकाला त्यांनी सुरीने खाच पाडली. "फळाला आधी लागते, ती. देवाचा हात आपल्याला लागला तो त्याच्या रूपाने."

सलोमीने मोडलेली कामटी उचलली. "आणि आपली जागा, बाबा?"

"कळेल," बाबा म्हणाले. त्यांनी बांबू उचलला आणि बुंध्याशी उभ्या असलेल्या रिबकाच्या हातात दिला. "पहिला पेरू तू काढ."

बांबू तिच्या उंचीच्या दुप्पट होता. सलोमीने मागून आधार दिला. उंच कामटीच्या खाचेत देठ अडकला, रिबकाने जरासे वळवले, आणि पिवळा पेरू आवाज न करता द्रोणात उतरला. तिने बांबू खाली घेतला. फळ काढून घेण्याऐवजी ती कितीतरी वेळ आतच पाहत राहिली. मग तिने एक बोट पेरूभोवती फिरवले.

"ताई, हा कोणाकडे आहे?"

आता सलोमीची जीभ अडखळली नाही. "तूच सांग."

"या कामटीला टेकलाय. हिलाही टेकलाय. आणि हिलाही." रिबकाने वर पाहिले. "तिघांनी धरलाय."

"हो."

"मग निरोप कोणालाही सांगितला तर चालेल?"

"कोणालाही सांग. तिघांना मिळेल."

रिबकाने मान हलवली, जणू कोणी दुकानाचा पत्ता नीट समजावून सांगितला होता. मग ती दुसऱ्या पेरूकडे वळली.

रविवारी वेदीपुढे दोन टोपल्या पेरू होते, एकालाही डाग नव्हता. चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने आशीर्वाद दिला. लोक उठले, चपला शोधू लागले. रिबका मात्र डोळे गच्च मिटून बसली होती. ओठ हलत होते. समोरचा एक दात पडला होता, त्या फटीतून मधूनच शीळ येई. शिमोन तिला कोपर मारायला पुढे झाला.

बाबांनी त्याचा हात धरला. "राहू दे. पंधरा दिवसांचे निरोप आहेत. वेळ लागणारच."

सलोमी परत बाकावर बसली. शाळा सोडण्याचे तिला आठवलेच नाही. तिच्या पवित्र शास्त्रात आता खूण म्हणून ती मोडलेली गुळगुळीत कामटी असते; आणि ती पाहिली, की आपल्याला चौथी कामटी होऊन उभे राहायचे नाही, पेरूसारखे फक्त त्या तिघांच्या आत उतरायचे आहे, एवढ्यासाठी सलोमी दरवेळी देवाचे आभार मानते.