हात कशावर ठेवायचा?

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते विचारू नका. त्या काळच्या राजाचं नाव मलाही ठाऊक नाही, आणि आपल्या गोष्टीत त्याचं काही कामही नाही. त्याच्या राज्यात नदीकाठी एक गाव होतं, गावाबाहेर आठवडी बाजाराचा मोकळा माळ होता, आणि माळाच्या कडेला दोन खोल्यांचं एक दगडी घर होतं. आपल्याला एवढं पुरे.

ते घर केरोबा गवंड्याचं. केरोबानं जन्मभर लोकांची घरं बांधली. बाकीचे गवंडी अमावास्येची सुट्टी घेऊन तंगड्या पसरून झोपत, तेव्हा हा गडी नदीतून दगड वाहून आणी आणि स्वतःच्या घरावर रचे. असं करत करत घर उभं राहायला सात वर्षं लागली. मग एकदा देवळाच्या शिखराचं काम चाललेलं असताना परांचीचा बांबू सुटला, केरोबा वरून खाली आला आणि पाय कायमचा गेला. लंगड्या गवंड्याला पुन्हा परांचीवर कोण चढवणार? कामं बंद झाली. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. केरोबानं मागच्या पडवीत आपली वळकटी टाकली आणि पुढच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या.

भाडेकरीण होती हौसा भडभुंजीण. दारापुढं, माळावरच, तिची भट्टी. लाह्या, फुटाणे, चुरमुरे भाजावेत तर हौसानंच. तिच्या लाह्यांचा वास सुटला की घाईत असलेला माणूससुद्धा दोन पावलं मागं यायचा. दर पौर्णिमेला ती केरोबाला दोन पायल्या ज्वारी द्यायची. तेच भाडं. त्यावर म्हाताऱ्याचा महिना निघायचा, आणि दुसरीकडून त्याला दाणाही यायचा नाही.

आता माळाचं ऐका. माळ देशमुखांचा. म्हणजे देशमुख म्हणत की माळ आमचा, आणि सगळे माना डोलवत. बाजारात जो बसेल त्यानं आपल्या मालातला शेरभर माल देशमुखांना द्यायचा, अशी रीत होती. त्या वर्षी बाजार चांगला भरायला लागला. हौसाच्या लाह्यांसाठी लोक लांबून येत, आले की भाजी घेत, मडकी घेत, दोर घेत. देशमुखांनी गर्दी पाहिली आणि दवंडी पिटली, की यापुढं शेराऐवजी चार शेर. का म्हणून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. चार शिपाई काठ्या घेऊन उभे असत ना!

हौसाच्या पोटाला चिमटा बसला. चार शेर देशमुखांना, दोन पायल्या केरोबाला, मग चुलीत काय घालायचं? अशा वेळी माणसाला कुणीतरी शहाणा भेटतोच. तसा एक वाटसरू तिच्या भट्टीपाशी टेकला. चांगले मूठ-मूठ फुटाणे तोंडात टाकत म्हणाला, "बाई, भाडं म्हणजे दुसऱ्याचा घाम पिणं. राबतेस तू आणि बसून खातो तो म्हातारा. ही सरळ सरळ लूट आहे."

हौसाला ते पटलं. पटायला सोपंच होतं. देशमुखांना नाही म्हणायचं तर समोर काठ्या होत्या, आणि केरोबाकडं होती फक्त कुबडी. तो शहाणा मात्र लूट, लूट म्हणत फुटाण्यांचे पैसे न देताच निघून गेला.

पौर्णिमा आली आणि गेली. ज्वारी आली नाही. केरोबाला वाटलं, पोरगी कामात असेल. दुसरी पौर्णिमा आली. मडकं खरवडून झालं होतं. कुबडी टेकत तो पुढच्या दाराशी आला.

"हौसे, विसरलीस का गं?"

हौसा भट्टीतली वाळू हलवत राहिली. "विसरले नाही, तात्या. देणार नाही."

"का?"

"मी राबते आणि तुम्ही बसून खाता. ही लूट आहे." एवढं ती बोलली खरी, पण त्याच्याकडं न बघता.

केरोबाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. भुकेची असेल, पण बोलण्याचीही होती. तो पडवीत येऊन बसला. आपण लुटारू? दुपारभर त्यानं तो शब्द उलटासुलटा करून पाहिला, गवंडी दगड पाहतो तसा. खरंच, आपण बसूनच तर खातो. हौसा धुरात डोळे चोळत असते आणि आपण पडवीत ऊन खात असतो. मग त्याची नजर भिंतीवर गेली. तो उठून भिंतीपाशी गेला, एकेक दगड नजरेखालून घातला आणि मोठ्यानं म्हणाला, "नाही! मी लुटारू नाही!" आणि मग त्याला जरा बरं वाटलं.

गावातल्या भांडणांचा निवाडा देशमुखच करत, म्हणून बाजाराच्या दिवशी दोघं त्यांच्यापुढं उभी राहिली. देशमुख माळावरच छत्रीखाली गादी टाकून बसले होते. भांडण ऐकून त्यांची कळी खुलली. भर बाजारात, सगळ्या विकणाऱ्यांच्या देखत भाड्याची थोरवी सांगायची संधी अशी पुन्हा कधी मिळणार?

"मालकाला भाडं मिळालंच पाहिजे," ते म्हणाले. "यात विचारायचं ते काय?"

"कशाचं, ते विचारायचंय, सरकार," हौसा म्हणाली. "राबते तर मी."

"सांग रे केरोबा, कशाचं?"

केरोबाला बोलता कुठं येत होतं! तो नुसता वळला आणि लंगडत घराकडं चालू लागला. त्याच्यामागं देशमुख, देशमुखांमागं शिपाई आणि शिपायांमागं सारा बाजार. कोपऱ्यावर पोचल्यावर केरोबानं खालच्या मोठ्या दगडावर हात ठेवला.

"हा दगड मी पाठीवर आणलाय. इथं बसवताना माझं हे बोट चेचलं." त्यानं बिननखाचं बोट दाखवलं. मग हात वर सरकवला. "ही भिंत माझी. ही चौकट मी बसवली. गेल्या वैशाखात कौलं परतली. पायावर उभं राहता येत नाही, म्हणून छपरावर बसून बसून सरकलो. हौसे, तुला ठाऊक आहे."

"मीच खालून कौलं देत होते," हौसा हळूच म्हणाली.

"मग सबंध पावसाळ्यात एक थेंब तरी गळला का?"

हौसानं मान हलवली. तिच्या भट्टीचा धूर अजून निघत होता आणि तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळं रडू कशाचं ते कळायला मार्ग नव्हता. पण ती स्पष्ट बोलली. "नाही गळला, तात्या. लाह्या माझ्या, पण भिंत तुमची आहे. ज्याला नाही म्हणायला हवं होतं त्याला म्हणता आलं नाही, म्हणून तुम्हाला म्हटलं. चुकले मी. दोन्ही पौर्णिमांची ज्वारी देते."

"शाबास!" देशमुख गरजले. त्यांना आता राहवेना. "ऐका रे सगळे! ज्यानं आपल्या हातानं उभं केलं आणि जो आपल्या हातानं राखतो, त्याचं भाडं हक्काचं! हा माझा निवाडा."

बाजारानं माना डोलवल्या. हौसानं डोळे पुसले आणि पदर खोचला.

"निवाडा सोन्यासारखा आहे, सरकार. मग आता माळावर चला."

"माळावर? कशाला?"

"तिथं तुम्ही चार शेर घेता ना? तात्यांनी ठेवला तसा तुम्हीही हात ठेवून दाखवा."

मग दोरवाल्यांच्या घोळक्यातून कुणीतरी खुदकन हसलं आणि देशमुखांचे कान लाल झाले. त्यांनी केरोबाचा दंड धरून त्याला बाजूला नेलं.

"केरोबा, तुझं काम झालंय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आता एवढंच म्हण, की हातबीत काही ठेवावा लागत नाही, मालकी असली की झालं. नाहीतर माझा निवाडा मी मागं घेतो. मग बस पडवीत वारा खात."

केरोबाच्या पोटात दोन दिवस काही नव्हतं. एक वाक्य तर बोलायचं होतं. त्यात काय एवढं? बाजार त्याच्या तोंडाकडं बघत होता. त्यानं कुबडी नीट रोवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सरकार, ते मला जमायचं नाही. नुसत्या मालकीवर भागलं असतं, तर मी हा असला पाय घेऊन कौलांवर कशाला चढलो असतो?"

"तर मग तुझं भाडं बंद!"

"अहो सरकार," हौसा मध्येच बोलली, "देणारी मी आहे. तुम्ही कोण बंद करणार?"

ती घरात गेली, सूप भरभरून ज्वारी आणली आणि सगळ्यांच्या देखत केरोबाच्या उपरण्यात ओतली. उपरणं फाटेल की काय इतकी ओतली.

आता देशमुखांना माघार घेता येईना. ते तरातरा माळावर गेले आणि चिंचेच्या बुंध्यावर त्यांनी हात ठेवला.

"ती माझ्या आज्यानं लावली," एक म्हातारी कुंभारीण म्हणाली. "मी लहानपणी पाणी घातलंय तिला."

देशमुख विहिरीकडं वळले.

"ती वेठीला बांधून घेतलीत," केरोबा म्हणाला. "दगड न दगड मी रचलाय, फुकट."

शेवटी देशमुखांनी खाली वाकून जमिनीलाच हात लावला. "ही! ही माती माझी!"

"असेल," कुंभारीण म्हणाली, "पण ती तुमच्या पणजोबांच्याही आधी इथंच होती की!" यावर मात्र सारा बाजार खो-खो हसला. शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसले.

पुढच्या बाजाराला देशमुख गादी टाकून बसले, पण माळावर चिटपाखरू नव्हतं. सगळ्यांनी पाट्या उचलून नदीपलीकडच्या वाळवंटात बाजार मांडला होता. हौसानंही तिथं तीन दगडांची भट्टी पेटवली होती. तिथून वास येत होता आणि तो देशमुखांना छत्रीखाली बसून घ्यावा लागत होता. एक बाजार गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्या आठवड्याला देशमुख एकटेच केरोबाच्या पडवीत आले. आल्या आल्या कुठं बसावं ते त्यांना कळेना. मग ते उंबऱ्यावरच टेकले.

"मी काय करू म्हणतोस?"

"पाऊस आला की माणसं भिजतात, धान्य भिजतं," केरोबा म्हणाला. "ओटे बांधा, त्यांच्यावर छपरं घाला. पाणी जायला चर काढा. मग मागा."

"माणसं लावतो. तू देखरेख कर, मजुरी देईन."

"करतो. पण पहिला दगड तुम्ही उचलायचा."

देशमुखांनी तो उचलला. कसा, ते सांगत नाही, म्हाताऱ्या माणसाची थट्टा कशाला करायची! तळहाताला चांगले टपोरे फोड आले, आणि ते चार दिवस भेटेल त्याला दाखवत होते. बांधकाम दोन महिने चाललं. केरोबा चिंचेखाली बसून ओळंबा धरायचा आणि देशमुखांनासुद्धा ओरडायचा. वीस ओटे झाले, त्यांच्यावर छपरं झाली. तेव्हा बाजार नदी ओलांडून परत आला, आणि न सांगता प्रत्येकानं देशमुखांपुढं एक एक शेर माल ठेवला. चार नाही, एकच. देशमुखांनीही तो दोन्ही हातांनी घेतला.

पुढच्या पावसाळ्यात भर बाजारात आभाळ फाटलं. लोक छपरांखाली दाटीवाटीनं उभे होते. देशमुख आपला शेर-शेर माल गोळा करत फिरत होते, तेवढ्यात हौसाच्या ओट्यावरून आरोळी आली, "अहो सरकार, गळतंय!"

देशमुखांनी हातातली पाटी जिथल्या तिथं ठेवली, धोतराचा काचा मारला आणि शिडी मागवली. शिपाई चढायला निघाला, तर त्याला बाजूला सारून ते स्वतः वर गेले. भर पावसात, साऱ्या बाजारासमोर, ते छपरावर बसून बसून सरकत होते, आणि खालून केरोबा ओरडत होता, "डावीकडं, सरकार! अजून डावीकडं!" गळती थांबली. देशमुख चिंब भिजून खाली उतरले, तेव्हा हौसानं न मागता त्यांच्या पाटीत आपला शेरभर वाटा ओतला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, गोष्टीचा बोध एवढाच: बांधल्याचं आणि राखल्याचं भाडं ही मजुरी असते, आणि नुसतं 'माझं आहे' म्हणून घेतलेलं भाडं ही लूट असते.