पाण्यात उतरलेलं पिलू

इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट, की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. डोंगरावरच्या देवळाची मोठी भिंत त्याने रखमाजी नावाच्या म्हाताऱ्या चिताऱ्याला रंगवायला दिली होती. नदीवर उतरणारा हत्तींचा कळप काढायचा होता. भिंत अर्धी झाली आणि रखमाजीची दृष्टी गेली.

राजाने देवबा चिताऱ्याला बोलावलं. "उरलेली भिंत तू पुरी कर."

देवबा मनातून सुखावला. एवढी भिंत त्याला कधी मिळाली नव्हती. तो देवळात आला, तर परांचीवर रखमाजी बसलेला! डावा हात भिंत चाचपत पुढे सरकत होता आणि त्याच्यामागून उजव्या हातातला कुंचला.

"कोण? जपून ये, रंग ओला आहे."

"मी देवबा. पण बाबा, तुम्हाला रंग कसे कळतात?"

"बोटं बुडवून बघ."

देवबाने करवंट्यांत बोटं बुडवली. काजळी मऊसूत लागली. गेरूत भुसा होता, निळ्यात नदीची बारीक वाळू.

"राजाने तुला का धाडलंय, ते मला ठाऊक आहे," रखमाजी म्हणाला. "एवढं पिलू होऊ दे, मग उतरतो. त्याचा पाय जमलाय का? खरं सांग."

पाय चुकला होता. देवबा गप्प राहिला असता, तर भिंत त्याचीच होती. पण भिंत चाचपणाऱ्या त्या बोटांकडे बघून त्याला खोटं बोलवेना.

"काठ सोडून चार बोटं बाहेर गेलाय, बाबा."

रखमाजी हसला. "मग त्याला पाण्याची घाई झाली असणार!"

त्याने पायाखाली निळं पाणी पसरलं, वर शिंतोडे उडवले. सारा कळप काठावर उभा, आणि ते एकटं पिलू पाण्यात. देवबा भिंतीजवळ सरकला.

"हे तुम्ही बघितलंत कुठे?"

"तरुणपणी, नदीकाठी. दिवसचे दिवस नुसता बघत बसायचो."

देवबा राजापुढे हात जोडून उभा राहिला. "महाराज, ती भिंत पुरी करणं माझ्या आवाक्यातलं नाही. मला त्यांचे रंग कालवू द्या."

राजाने मान डोलावली. भिंत रखमाजीनेच पुरी केली. राजा बघायला आला. त्याने भिंतीवरच्या नदीवर तळहात टेकवला, आणि निळ्यातली वाळू हाताला लागताच आपणहून डोळे मिटून घेतले.

ज्याने मन लावून पाहिलं, त्याची दृष्टी गेली तरी त्याने पाहिलेलं जात नाही.